तिळारीला निघाले, वाटेत बांबोळी भेटली

गोव्यात, म्हापशाला आमच्या घरी सलग चार दिवस नळ कोरडा होता. तिळारी धरणाचा कालवा हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात कुठेतरी फुटला, एवढंच कानावर आलं. दोन दिवस गच्चीवरच्या टाकीवर निभावलं, तिसऱ्या दिवशी टँकरवाल्याला दीड हजार मोजले. चौथ्या दिवशी भांडी घासताना सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं पितोय ते पाणी येतं कुठून, ते एकदा बघून तरी ये." त्यांनी ते वैतागून म्हटलं होतं. मी मात्र दुसऱ्या दिवशी खरंच सिंधुदुर्गातल्या दोडामार्गची बस पकडली.

बसमध्ये शेजारी एक मावशी बसल्या होत्या. साठीच्या असतील. मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट उभं धरलेलं, दुमडू नये म्हणून. ते पाकीट घातलेली कापडाच्या दुकानाची पिशवी हँडलपाशी फाटली होती, तिथे त्यांनी सुतळीची गाठ मारली होती. अस्नोडा मागे पडलं तसं त्यांनीच विचारलं, "खंय चललंस गो बाय?"

"धरण बघायला, तिळारीचं."

"त्या धरणात माजा घर आसा."

त्या मूळच्या आयनोड्याच्या. गाव बुडीत क्षेत्रात गेलं, आता पुनर्वसनात राहतात. मुलगा थिवीच्या बाजूला एका कारखान्यात कामाला जातो, रोज मोटारसायकलने. चार दिवसांपूर्वी पहाटे गाडी घसरली, मांडीचं हाड मोडलं, त्याला बांबोळीला नेलं. सिंधुदुर्गात कोणी 'गोवा मेडिकल कॉलेज' म्हणत नाही. बांबोळी म्हटलं की झालं. घाईत रेशन कार्ड घरीच राहिलं होतं. सरकारी उपचार योजनेसाठी ते लागतं, म्हणून मावशी ते आणायला निघाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार होत्या.

मला 2018 आठवलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना बांबोळीत शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. आमचा तालुका गोव्यात विलीन करा, अशी मागणीसुद्धा झाली. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून या रुग्णांचा खर्च भागवायची सोय झाली. तेव्हा मी म्हापशात बसून हे पेपरात वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, आमच्या हॉस्पिटलात आधीच गर्दी, त्यात हे. हे मी मावशींना सांगितलं नाही. इथे लिहिते आहे, कारण त्या विचाराची मला त्या दिवशी लाज वाटली.

मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमचा पाणी तुमका, तुमचो डाक्टर आमका. मगे पैशे कित्याक इचारतत?"

मला उत्तर सुचलं नाही. दोडामार्गचा नाका आला, बस थांबली, चार माणसं उतरली, तीन चढली. हद्द ओलांडली म्हणून कोणी वरसुद्धा बघितलं नाही. समोरून मोटारसायकली येत होत्या, कारखान्यांच्या दुसऱ्या पाळीची पोरं, पाठीवर सॅक, हँडलला डबा. यांचा पगार गोव्यात, घर महाराष्ट्रात आणि अपघात झाला तर पुन्हा गोव्यात.

धरणाचं सांगायचं तर पाणी भरपूर, वारा छान, माणूस नाही. अर्ध्या तासात बघून झालं. आधी मावशींनी बळेच घरी नेलं होतं, दिवसातला खरा वेळ तिथे गेला. पत्र्याच्या ट्रंकेतून त्यांनी कार्ड काढलं. केशरी, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. त्यांनी ते पदराने पुसलं, उजेडात धरून मुलाचं नाव वाचायला लावलं, बरोबर आहे ना म्हणून दोनदा विचारलं आणि एक्स-रेच्याच पिशवीत ठेवलं. मग कोकम सरबत, मग जेवूनच जा. बांगड्याचं तिकलं आणि उकड्या तांदळाचा भात. पोराचं ऑपरेशन तोंडावर असलेल्या बाईने अनोळखी माणसाला वाढलेलं ते जेवण. पैसे द्यायची माझी छातीच झाली नाही.

जेवण झाल्यावर कालवा दाखवायला आल्या. फुटलेल्या जागी मातीचा भराव, वर ताजं सिमेंट, अजून ओलसर. बाजूला जुन्या अस्तराचे कोपरे तुटलेले तुकडे, खाली काळी माती आणि खेकड्यांची बिळं. पाणी नुकतंच सोडलं होतं, गढूळ, सावकाश सरकत होतं. "ह्या तुमच्याकडे जाता," मावशी म्हणाल्या. घरी गेल्यावर नळाला येणार होतं ते हेच.

या पाण्याचा करार 1990चा. खर्चातला गोव्याचा वाटा 73.30 टक्के आणि महाराष्ट्राचा 26.70 टक्के. दशांश चिन्हापुढचे दोन आकडेसुद्धा ठरलेले. वर दोन्ही राज्यांचं नियंत्रण मंडळ. कालवा फुटतो, भांडणं होतात, पण कोणी कोणाशी बोलायचं हे कागदावर आहे. याच दोडामार्ग तालुक्यात विर्डीचं धरण आहे, ते मात्र म्हादई नदीच्या पाण्याच्या तंट्यात सापडलेलं. लवाद 2010 साली नेमला, निवाडा 2018 साली आला: कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. तरी तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात. एकाच तालुक्यात एक पाणी कराराने वाहतं आणि दुसरं कोर्टात अडकतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बांबोळीचंसुद्धा असंच लिहून ठेवायला हवं. आजारी माणसाची सोय मंत्र्यांच्या बैठकीवर आणि योजनेच्या नूतनीकरणावर टांगती राहू नये. आपली राज्यघटना याच्या आड येत नाही. 263व्या कलमात आंतरराज्य परिषदेची तरतूद आहे, पश्चिम विभागीय परिषदेत गोवा आणि महाराष्ट्र एकत्र बसतात, आणि दोन राज्यांनी आपसात करार करायला तर तिळारीचाच दाखला आहे. रुग्ण किती, खर्च किती, वाटा कोणाचा किती, हे दशांशापर्यंत मांडा. पाण्याला जमलं ते माणसाला का जमू नये?

आणि कालव्याच्या काठची जमीन बघून दुसरी हळहळ वाटली. गोव्याची भाजी चोर्ल्याचा घाट उतरून बेळगावहून येते. घाटात दरड आली की म्हापशाच्या बाजारात टोमॅटो भडकतो. इथे तासाभराच्या अंतरावर पाणी आहे, केळी-अननसाच्या बागा आहेत, शेतकरी आहेत. गोव्यातल्या मोपाचा विमानतळ 2023च्या जानेवारीपासून चालू आहे आणि त्याच्या पलीकडे लगेच महाराष्ट्रातलं बांदा. भाजी, फळं, मासळी, मुक्कामाच्या खोल्या, पोरांना गावाजवळ काम, दोन्ही बाजूंना हवं ते सगळं एकमेकांच्या दाराशी आहे. खरेदीची हमी देणारा कोणी हवा आणि मासळीच्या गाडीला नाक्यावर कुठला कागद लागेल ते वर्षभर एकच हवं. 2018 साली मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याच्या भीतीनंतर गोव्याने मासळीच्या गाड्यांचे नियम कडक केले, तेव्हा मालवणकडच्या छोट्या विक्रेत्यांनाच त्याची झळ बसली. मासळी तपासावी, जरूर तपासावी. पण दोन्हीकडची माणसं बसून एकच तपासणी ठरवतील तर टोपलीवाल्या बाईचा दिवस बुडणार नाही.

परतीची बस साडेपाचची होती, आली सव्वासहाला. मावशी तोवर माझ्याबरोबर रस्त्यावर उभ्या राहिल्या, जा म्हटलं तरी गेल्या नाहीत. बस दिसली तेव्हा माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेली सोलं, म्हणजे आमसुलं, दिली.

घरी पोचले तेव्हा नळाला पाणी आलं होतं, थोडं गढूळ. सासूबाई पिंप भरत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री झोपायच्या आधी म्हणाल्या, "उद्या ती पहिल्या बसने येईल ना? डबा दोघांचा करते, तिचा आणि पोराचा."

सकाळी आठला मी डबा घेऊन म्हापशाच्या स्टँडवर उभी होते. दोडामार्गची बस आली. आधी सुतळीची गाठ मारलेली पिशवी दिसली.