बी पॉझिटिव्ह

पेंटाचा, म्हणजे बाळाच्या पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस दीड महिन्याला असतो. त्या हिशोबाने जानेवारीत आमच्याकडे बाळंत झालेल्या एका ऊसतोड बाईच्या बाळाची तारीख मागच्या मंगळवारी होती. तिच्या मुकादमाचा नंबर मी बाळंतपणाच्या रात्री डायरीत उतरवून घेतला होता, तो दोनदा लावला. पहिल्यांदा उचलला आणि "टोळी दुसऱ्या कारखान्याकडं हलली, सांगतो त्यांला" म्हणून ठेवला. दुसऱ्यांदा लागलाच नाही. तेव्हापासून ती रात्र परत डोक्यात फिरायला लागली आहे, म्हणून लिहून काढते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात लेबर रूमला अधिपरिचारिका आहे. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्याकडे ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या बायका यायला लागतात, त्याही बहुतेक थेट कळा घेऊन. आम्ही त्यांना 'डायरेक्ट इन लेबर' म्हणतो. नोंदणी गावी, कार्ड गावी पेटीत, तपासण्या झाल्या की नाही हे कुणालाच माहीत नाही. अशी बाई आली की नाडी, बीपी, बाळाचे ठोके बघून होतात न होतात तोच आतून प्रश्न येतो, "मार्कर्स झाले का?" मार्कर्स म्हणजे व्हायरल मार्कर्स, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी अशांच्या रक्तचाचण्या. दिवसा हे काम लॅब टेक्निशियन आणि समुपदेशक मॅडम करतात. रात्री त्या दोघांच्याही जागी आम्हीच. एचआयव्ही आणि सिफिलिस बोटाला टोचून एकाच कार्डावर होतं. त्याआधी संमती घ्यायची. एचआयव्हीचा २०१७चा कायदा आहे, चांगला आहे, मी त्याच्या बाजूचीच आहे. पण गर्भाशयाचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलेल्या बाईला दोन कळांच्या मधे संमती म्हणजे काय ते समजावताना कायदा लिहिणाऱ्यांपैकी एकाने तरी शेजारी उभं राहावं, असं दर वेळी वाटतं.

जानेवारीतली रात्र, पावणेदोन वाजलेले. मुकादमाच्या पिकअपमधून ती आली. वय बावीस, दुसरी खेप. बरोबर नवरा, जाऊ, आणि जावेच्या खांद्यावर झोपलेली तीन वर्षांची मोठी मुलगी. नवऱ्याच्या पायाला फडातला चिखल तसाच. संध्याकाळपर्यंत ती मोळ्या बांधत होती, असं जाऊ म्हणाली. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. ती पडली की मागे राहतो अर्धा कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तर पूर्ण कोयत्याची घेतलेली. त्यामुळे पोट दुखायला लागल्यावर लगेच कोण सांगणार?

बोटाचं कार्ड निगेटिव्ह आलं. हिपॅटायटिस बी म्हणजे यकृताला धरणारा, काविळीचा एक विषाणू. त्यासाठी आमच्याकडे त्या वेळी सीरमवर, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणाऱ्या पाण्यावर, चालणारी कार्डं होती. रात्री लॅबला कुलूप, म्हणजे सेंट्रिफ्यूज नाही. साध्या बल्बमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, बल्ब उभा ठेवायचा आणि रक्त गोठून वर पिवळसर पाणी सुटायची वाट बघायची. हलवलं की सगळं लाल होतं आणि कार्डावर डाग पसरतो. मग ड्रॉपरने थेंब सोडायचे आणि घड्याळ लावायचं. ही वेळ पाळणं हेच खरं काम आहे. फार लवकर बघितलं तर बारीक रेघ सुटते. फार उशिरा, कार्ड वाळल्यावर बघितलं तर नसलेली रेघ दिसते. सकाळी ट्रेमध्ये पडलेलं कार्ड उचलून "अगं, ही तर पॉझिटिव्ह" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत.

दोन पस्तीसला बघितलं. 'सी'समोर ठळक रेघ, म्हणजे कार्ड चालतंय. 'टी'समोर, म्हणजे विषाणू असला तर उमटणारी, दुधात केशराची काडी बुडवावी इतकी फिकट. फिकट असली तरी रेघ ती रेघच. कार्ड ट्यूबलाइटखाली तिरपं धरून दोनदा खात्री केली.

आता पुढचं जसं घडलं तसंच लिहिते. पहिली गोष्ट मी काय केली? हातमोज्यांवर दुसरा जोड चढवला. दुसरी गोष्ट, केस पेपरवर लाल पेनाने लिहून गोल केला. तिसरी, मावशींना सांगितलं की टेबल खालचा टब वेगळा ठेवा, जंतुनाशक हायपोक्लोराइट करा. बाळाला काय द्यायचं हा विचार त्यानंतर आला. माझे स्वतःचे लसीचे तीन डोस कधीच पूर्ण झालेत, अँटिबॉडीही बघून घेतल्यात. आणि शिकवलेलं असं आहे की प्रत्येक बाई पॉझिटिव्हच समजून मोजे घालायचे, कारण नुकतीच लागण झालेल्याचं कार्ड निगेटिव्ह येऊ शकतं. मग दुसरा जोड कशासाठी? अठरा वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न त्याआधी पडला नव्हता.

"बाई, मी न्हाई त्या टबाला हात लावणार," मावशी म्हणाल्या. मी त्यांच्यावर ओरडले. पुढे कळलं की त्या कंत्राटी, त्यांना लसीचा एकही डोस कुणी दिलेला नाही. सगळ्या खोलीत भ्यायचा हक्क फक्त त्यांना होता आणि बोलणी मात्र त्यांनीच खाल्ली.

दोन पन्नासला मुलगी झाली. दोन किलो चारशे, लगेच रडली. आता घड्याळ तिचं सुरू झालं. आईकडून जन्मतानाच ज्यांना बी लागतो, अशा शंभरातल्या नव्वद बाळांच्या अंगात तो कायमचा मुक्काम करतो. मोठ्या माणसात लागण झाली तर बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो. म्हणून बाळाला एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीज, आम्ही 'एचबीआयजी' म्हणतो ते, बारा तासांच्या आत द्यायचं. दुपारी दोन पन्नासच्या आत.

लस आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या फ्रीजमध्ये, आयएलआर लसीकरणाच्या खोलीत, किल्ली क्वार्टरमध्ये. वॉचमनला घेऊन मी दार वाजवलं. किल्ली देताना त्या सिस्टर म्हणाल्या, "सकाळी दिलं असतं तर काय झालं असतं? आणि एका बाळासाठी दहा डोसची व्हायल फोडणार?" फोडलेली हिपॅटायटिस बीची व्हायल नीट ठेवली तर २८ दिवस चालते, हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण वाया गेलेल्या डोसांचा जाब एकदा ज्याने दिलाय त्याचा हात आखडतो तो आखडतोच. तीन चाळीसला लस दिली.

एचबीआयजी आमच्या स्टोअरला नव्हतं. बाहेरून आणा म्हणावं तर उचलीवर जगणाऱ्या माणसाला ती किंमत सांगायची हिंमत होईना. मेडिकल ऑफिसर मॅडमनी फोनावर फोन केले. रात्रपाळीच्या डॉक्टरांबद्दल माझं मत एरवी फार बरं नाही, पण ही पोरगी पहाटेपर्यंत झोपली नाही.

त्यात मी नवऱ्याला विचारलं, आधीचे काही कागद? त्याने प्लास्टिकची पिशवी उलटी केली. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आणि घडी पडून चिरत आलेलं मागच्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड. मागचे जननी सुरक्षेचे पैसे अजून आले नाहीत, म्हणून जपून ठेवलेलं. त्यावर लाल पेनाने इंग्रजीत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह', म्हणजे हिपॅटायटिस बी असल्याची खूण, आणि भोवती गोल. माझ्यासारखाच गोल.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"ते व्हय? तिचा रक्तगट हाय ना तो. बी पॉझिटिव्ह. डाक्टरनं सांगितलं व्हतं तव्हा."

तिचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह होता. मी थोड्या वेळापूर्वीच बघितला होता.

तीन वर्षं हे घर ते अक्षर रक्तगट म्हणून सांगत फिरत होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणीतरी घाईत "बी पॉझिटिव्ह आहे" म्हणालं असणार, आणि ज्यांना कळायला हवं होतं त्या सगळ्यांना, म्हणजे सर्जनला, भूल देणाऱ्याला, सिस्टरला, त्या लाल गोलावरून कळलं असणार. हिला वेळेत माहीत असतं तर या खेपेला विषाणूचं प्रमाण मोजता आलं असतं, जास्त निघालं असतं तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून विषाणू दाबणाऱ्या टेनोफोविरची रोजची एक गोळी सुरू झाली असती. मोठ्या मुलीच्या कार्डावर जन्माच्या वेळच्या हिपॅटायटिस बीचा रकाना कोरा आहे, हे नवऱ्याने फोनमधल्या फोटोत दाखवलं.

सकाळी मी जावेला 'कावीळ' म्हणून समजवायला गेले तर ती म्हणाली, "डोळे कुठं पिवळे हायेत तिचे? आन् माळ घालू की. आमच्याकडं एक जण घालतो." काविळीची माळ डोक्यावरून खाली उतरत जाते हे तिने पाहिलंय. मी जे सांगत होते त्यातलं काहीच तिने पाहिलेलं नव्हतं.

अकरा वीसला १०२ ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सिव्हिलहून एचबीआयजीचा थर्माकोलचा डबा घेऊन आला. साडेआठ तास. बाळाच्या दुसऱ्या मांडीत मी स्वतः दिलं. ड्यूटी आठलाच संपली होती. बाळाच्या आईने विचारलं, "पाजू का हिला? माह्या दुधातून जाईल ना?" पाज, म्हटलं, दुधातून नाही जात. रात्रीपासून तिने मला विचारलेला तो पहिला प्रश्न, आणि नीट उत्तर देता आलेलाही तोच.

मोठ्या मुलीचं रक्त टेक्निशियन दादांनी घेतलं. तिच्या कार्डावरची रेघ पंधरा मिनिटंही थांबली नाही, आणि फिकट नव्हती.

आई आणि मोठी मुलगी, दोघींना सिव्हिलला पाठवायची चिठ्ठी केली. ते गेले का, ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज करताना मी नवीन कार्डावर लाल गोल केला नाही. निळ्या पेनाने, मराठीत, सरळ वाक्यं लिहिली: आईच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे. हा रक्तगट नाही. यामुळे यकृत खराब होऊ शकतं. बाळाचे पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. नऊ महिन्यांनंतर बाळाचं रक्त तपासा.

नवऱ्याला म्हटलं, वाचा मोठ्याने. सातवीपर्यंत शिकलेला होता. बोट ठेवत ठेवत तिसऱ्या वाक्यापर्यंत आला आणि थांबला.

"यकृत म्हंजी?"

"काळीज," मी म्हणाले. मग कार्ड त्याच्या हातातून घेतलं, 'यकृत' खोडलं आणि वर 'काळीज' लिहिलं.