दोन इंच मेणबत्ती आणि सात रात्री

आजीच्या पहिल्या वर्षदिनाच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी, स्मरणकार्ड छापायचं होतं. आईचं म्हणणं पडलं की कार्डावर आजीचा चेहरा नको, तिच्या वस्तू हव्यात. आमचं घर वसईचं, ख्रिस्ती, त्यामुळे वस्तू शोधायला लांब जावं लागलं नाही. लाकडी मण्यांची रोझरी (जपमाळ), पितळी क्रूस, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेली आणि क्रुसामागे खोचून ठेवलेली पाती. भाकर आणि द्राक्षारसाची खूण म्हणून गव्हाच्या ओंब्या आणि काळी द्राक्षं. रोझरीची साखळी एकदा तुटली होती, तिथे आजीने निळ्या दोऱ्याची गाठ मारली होती. ती गाठ मला फोटोत हवीच होती.

आणि मेणबत्ती. 2 फेब्रुवारीला चर्चमध्ये आशीर्वादित झालेली. वादळात वीज गेली की आजी तीच लावायची, आणि शेवटच्या रात्री ती तिच्या उशाशी जळत होती. उरली होती जेमतेम दोन इंच.

मांडणी एका संध्याकाळी जमली. त्यानंतरच्या सात रात्री त्या ज्योतीने खाल्ल्या.

पहिल्या रात्री एफ 8 (भिंगाच्या छिद्राचा आकडा), आयएसओ 200 (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) आणि आठ सेकंद. मणी दिसले, पण ज्योतीच्या जागी पांढरा डाग, आणि तोही हलून पानासारखा पसरलेला. वेळ कमी केला तर ज्योत सुंदर आली, पण रोझरी, क्रूस, गाठ सगळं काळोखात बुडालं. डोळ्यांना दोन्ही एकदम दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही. ज्योत आणि तिच्या उजेडात पडलेली वस्तू यांच्या प्रखरतेत हजारो पटींचा फरक असतो. हे वाचून माहीत होतं, तरी तीन रात्री मी तेच आकडे वरखाली करत बसले. प्रत्येक रात्री मेणबत्ती थोडी खाली यायची आणि माझा जीव तुटायचा. म्हणून हे आधीच सांगते: जपायची मेणबत्ती सरावाला लावूच नका. तेवढ्याच जाडीची साधी मेणबत्ती कापून तिच्या जागी ठेवा. मला हे चौथ्या दिवशी सुचलं, तोवर अर्धा इंच गेला होता.

दोन वेगवेगळे फोटो काढून संगणकावर जोड, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यात चूक काही नाही. पण आजीच्या मण्यांवर त्या क्षणी पडलेला उजेडच मला हवा होता, म्हणून ते केलं नाही.

मग फ्रेमबाहेर, डावीकडे, आणखी तीन मेणबत्त्या ठेवल्या, एकमेकींपासून हातभर लांब. उजेड वाढला, पण मागच्या चुन्याच्या भिंतीवर क्रुसाच्या तीन फिकट सावल्या पडल्या. मी वैतागून मेणबत्त्या हलवायला गेले तर आई दारातून म्हणाली, "थांब गं. कालवारी दिसतेय." कालवारी म्हणजे येशूला दोघा चोरांसोबत क्रुसावर दिलं ती टेकडी, आणि भिंतीवर खरंच तीन क्रूस होते. तो फोटो काढून ठेवला, पण कार्डाला चालला नाही, कारण प्रत्येक मण्यालाही तीन सावल्या होत्या आणि गाठ त्यांत हरवली होती. तिन्ही मेणबत्त्या एकमेकींना चिकटवल्या, की सावली एकच झाली.

अंतराचा हिशेबही तेव्हाच डोक्यात बसला. फूटभरावरचा उजेड अर्ध्या फुटावर आणला की जवळपास चौपट होतो. मेणबत्त्या वाढवण्यापेक्षा जवळ सरकवणं जास्त कामाचं.

तरी ज्योत डोळ्यांत खुपत होतीच. ज्योर्ज द ला तूर या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराची आठवण झाली. त्याच्या कितीतरी चित्रांत ज्योत हाताआड असते आणि बोटांतून उजेड झिरपतो. मी आधी क्रूस ज्योतीपुढे ठेवून पाहिला, तर येशूची मूर्तीच काळी झाली. मग ओंब्या पुढे आणल्या. ज्योत अर्धी झाकली गेली आणि कुसळं टोकापर्यंत सोनेरी झाली, एकेक मोजता येईल अशी. वाळकं गवत आहे, ज्योतीपासून चार बोटं तरी लांब ठेवा आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या.

सातव्या रात्री आजीची मेणबत्ती लावली. वात आधी कातरून अर्ध्या सेंटिमीटरवर आणली होती, त्यामुळे ज्योत लहान आणि स्थिर राहिली. एफ 5.6, आयएसओ 400, सेकंदाचा पाचवा भाग. बारा फोटो काढले आणि लगेच विझवली.

एप्रिलचा उकाडा होता, पण पंखा बंदच ठेवावा लागतो, आणि दाराखालच्या फटीलाही ओलं फडकं लावा. फोकस टॉर्चच्या उजेडात हाताने लावून घ्या, काळोखात कॅमेरा चाचपडत राहतो. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर तर हवाच. रंगाचं सेटिंग ऑटोवर ठेवलंत तर मेणबत्तीचा पिवळेपणा कॅमेरा धुऊन टाकू शकतो. माझ्या कॅमेऱ्यात सर्वांत खालचा आकडा 2500 केल्विन आहे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), तो ठेवला. मेणबत्ती साधारण 1900 ची, म्हणजे ऊब शिल्लक राहते. हो, आणि द्राक्षं पुसू नका, त्यांच्यावरची पांढरी झाक छान दिसते.

छापखान्याने मात्र "फोटो काळा आहे" म्हणून न विचारता उजळ करून टाकला. भिंत राखाडी, ओंब्या फिक्या. मी तिथेच बसून नमुना पुन्हा काढायला लावला. तुम्ही आधीच सांगा, आणि नमुना पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

कार्ड हातात आलं तेव्हा आईने चष्मा लावला, मण्यांवरून बोट फिरवत गेली आणि निळ्या गाठीवर थांबली.