टार्सेट खोऱ्यातली बॅसल घरं : इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरची भटकंती

नॉर्थम्बरलँडला गेलेले लोक हेड्रियनची भिंत बघतात, एखादा किल्ला करतात आणि परत फिरतात, पण माझं ऐकाल तर अर्धा दिवस काढून टार्सेटच्या खोऱ्यात जाच. राजा-सरदारांचे किल्ले सगळीकडे असतात हो, इथे साध्या शेतकऱ्यांनी आपली गुरं वाचवायला बांधलेली गढीसारखी दगडी घरं आहेत, बॅसल म्हणतात त्यांना.

१६व्या शतकात या सीमेवर रीव्हर लोकांचा, म्हणजे गुरं पळवणाऱ्या लुटारूंचा, धुमाकूळ होता, घोड्यावरून रात्री यायचं आणि जनावरं हाकून न्यायची, आणि हे दोन्ही बाजूंनी चालायचं. चार्ल्टन, रॉबसन, मिलबर्न, डॉड ही इथलीच घराणी, तीच लुटायची आणि तीच लुटली जायची. शरद ते हिवाळा हा मुख्य सीझन, कारण रात्री मोठ्या आणि गुरं उन्हाळाभर चरून धष्टपुष्ट झालेली.

ब्लॅक मिडन्स हे बॅसल नक्की बघा. छप्पर गेलंय पण भिंती उभ्या आहेत, मीटरभर जाडीच्या. खाली गोठा, वर माणसं. आता बाहेरून दगडी जिना दिसतो तो नंतरचा, आधी शिडी होती, ती रात्री वर ओढून घ्यायची. गोठ्याच्या दाराशी जरा थांबा, आडणा घालायची खाच हाताने चाचपून बघा, मला तर तिथून हलवेना. काही बॅसलमध्ये दारावर वरून पाणी ओतायला भोक ठेवलेलं असतं, कोणी दाराला आग लावली तर विझवायला! केवढी भीती असेल रोजची. १६०३ मध्ये दोन्ही देशांचा राजा एकच झाला आणि मग हळूहळू हे सगळं थंडावलं.

एंट्री फ्री आहे, तिकीट खिडकी वगैरे काही नाही, पार्किंगपासून थोडंसंच चालायचं. इथूनच टार्सेट बॅसल ट्रेल करता येतो, शिला हिल, वॉटरहेड, बॉग हेड असे आणखी अवशेष लागतात, पण वाट चिखलाची आहे त्यामुळे वॉटरप्रूफ बूट हवेतच. गाडी लागतेच, रस्ता अरुंद, मेंढ्या मध्ये येतात. मोबाईलला रेंज मिळेल असं धरू नका, मॅप आधीच डाउनलोड करा आणि पेट्रोल, खाणं बेलिंगहॅम गावातच उरकून घ्या. उन्हाळ्यात मिजेस नावाचे बारीक किडे फार चावतात. गेटहाउस नावाच्या वस्तीतली दोन बॅसल खाजगी आहेत, ती रस्त्यावरूनच बघा, आणि शेतातलं फाटक उघडलंत तर लावून घ्या, गुरं आजही तिथे चरतात.