काकांचं शेड आणि कॅलिफोर्नियातलं हँगर

आज अमळनेरला काकांच्या जुन्या कापसाच्या शेडचे पत्रे बदलायचा अंदाज घ्यायला गेलो. मिस्तरीने आकडा सांगितला तसा काकांनी चहाचा कप खालीच ठेवला. "अरे भो, एवढ्यात तर नवं शेड उभं राहीन!"

त्यात पोरगा हातोडीने सिमेंटचा पत्रा फोडत होता, तोंडाला रुमालही नाही. पांढरी धूळ थेट चहात. ॲस्बेस्टॉस आहे बाबा ते, फुप्फुसात गेलं की घातक, म्हटलं, तर हसला.

मला कॅलिफोर्नियातल्या मोफेट फील्ड या विमानतळावरचं 'हँगर वन' आठवलं; हँगर म्हणजे विमानं ठेवायचं शेड. १९३३ मध्ये 'मेकॉन' या २३९ मीटर लांब, फुग्यासारखं वायूवर तरंगणाऱ्या हवाई जहाजासाठी (एअरशिप) बांधलेलं, जमीन आठ एकर. काकांचं सगळं वावर आत मावेल! जहाज १९३५ मध्येच समुद्रात पडलं, घर मात्र राहिलं. त्याच्याही पत्र्यात ॲस्बेस्टॉस, शिसं, पीसीबी नावाची विषारी रसायनं. म्हणून पत्रे उतरवले आणि कित्येक वर्षं नुसता सांगाडा उभा. गुगलच्या कंपनीने २०१४ मध्ये ६० वर्षांच्या भाड्याने सगळा एअरफिल्डच घेतला, भाडं १.१६ अब्ज डॉलर, हँगरची दुरुस्ती वेगळी.

काकांना सांगितलं. म्हणाले, "मंग त्या गुगलवाल्याले आपलं शेडबी दाखव ना."

मिस्तरी उद्या परत येणार आहे. पोरासाठी मास्क घेऊन ठेवलाय.