इग्वानाची जीभ आणि फिनाईल

‘दिसेल ते चाटतोय, डॉक्टर, आणि खात मात्र काहीच नाही,’ अशी तक्रार घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातला एक महाविद्यालयीन मुलगा आजीसह माझ्या दवाखान्यात आला. पेटीत त्याचा पाळीव हिरवा इग्वाना, म्हणजे एक मोठा सरडा, होता. जिभेचे टोक लालसर दिसते, म्हणजे तोंडात जखम असणार, अशी दोघांची खात्री झाली होती.

मी तोंड उघडून पाहिले. हिरड्या स्वच्छ होत्या, सूज किंवा चिकट स्राव नव्हता. आणि जिभेचे टोक उरलेल्या जिभेपेक्षा गडद असणे ही या प्रजातीची निरोगी ठेवणच आहे. टेबलावर सोडताच मात्र तो टॉवेल, वजनकाटा, माझे हातमोजे अशा प्रत्येक वस्तूला जीभ टेकवत पुढे सरकू लागला. ही तहान नव्हती. तो जागा ओळखून घेत होता.

सरड्यांना नाक असतेच, पण सहज हवेत न मिसळणारे, पृष्ठभागाला चिकटून राहणारे जड रेणू टिपण्याचे काम जीभ करते. ती आत गेली की ते रेणू टाळूतल्या बारीक छिद्रांवाटे गंध ओळखणाऱ्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचतात; डॅनिश शरीरशास्त्रज्ञ लुडविग जेकबसन यांनी १८१३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. आपल्या घोरपडीची जीभ खोलवर दुभंगलेली असते आणि दोन टोकांवरच्या गंधांतला फरक ताडून ती भक्ष्याचा माग काढते. इग्वानाची जीभ जाड व मांसल असते, त्यामुळे तो बहुधा वस्तूला प्रत्यक्ष स्पर्श करतो. अनोळखी जागी हे वाढणे स्वाभाविक आहे. पण स्वतःच्याच पिंजऱ्यात दिवसभर का?

घरी काही बदल झाला का, असे विचारल्यावर आजी म्हणाल्या, ‘पिंजरा फार घाण झाला होता हो. फिनाईलनं घासून काढला, जुनी फांदीही टाकून दिली.’

उत्तर तिथेच होते. इग्वानाच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला छिद्रांची ओळ असते, त्यांतून मेणासारखा स्राव येतो आणि फांदीवर फिरताना तो तिला लागतो. तो स्वतःचा गंध पुसला गेला होता, आणि त्याच्या जागी आलेले फिनॉलयुक्त द्रव्य सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरू शकते. ही चिंता मला अधिक होती.

तरीही गंधज्ञान शाबूत असल्याची खात्री हवी होती. संशोधक सरड्यांसमोर गंध लावलेले कापसाचे बोळे धरतात, तीच रीत मी वापरली. साध्या पाण्याच्या बोळ्याला त्याने एकदा जीभ लावली आणि मान वळवली. अंगणातल्या जास्वंदीची पाकळी चुरडून दुसरा बोळा धरला, तेव्हा जीभ पुन्हा पुन्हा बाहेर आली आणि अखेर त्याने तो बोळाच चावायला तोंड उघडले. आजींचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांच्या कामात इतके स्पष्ट उत्तर मला क्वचितच मिळाले आहे.

औषध काहीच दिले नाही. पिंजरा भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा, वास पूर्ण जाईपर्यंत प्राण्याला दुसरीकडे ठेवावे आणि मागच्या अंगणात पडलेली जुनी फांदी परत आत लावावी, एवढेच सांगितले. यापुढे स्वच्छता टप्प्याटप्प्याने करायची, सगळे सामान एकाच दिवशी बदलायचे नाही, हेही ठरले. पुढच्या तपासणीत वजन वाढू लागले होते, आणि मुलाने शेवग्याचा पाला संपल्याची बातमी दिली.