एक, दोन, तीन, चार, खट्

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखे फिरले, पुढचा निळा दिवा लागला आणि मॉनिटर जागा व्हायच्या आत सगळं गप्प. पुन्हा दाबलं, काहीच नाही. प्लग काढला, कॅबिनेट जरा हलवलं, प्लग लावून दाबलं, तर पुन्हा एकदा तसंच: घर्रर्र आणि बंद.

हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडला आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि तीच अडचण आहे. विकतचा बिघडला तर कॉम्प्युटर बिघडला म्हणतात, माझा बिघडला तर मी बिघडवला. दोन वर्षांपूर्वी नागपूरला सीताबर्डीत दिवसभर फिरून एकेक भाग घेतला होता. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी घेतला, कारण त्यात ग्राफिक्स आतच असतं आणि वेगळ्या कार्डाचे पैसे वाचतात. मदरबोर्डचा डबा एसटीत नागपूरपासून मांडीवर धरून आणला. तेव्हापासून त्यावर लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं चालतं.

आताही एक पत्रिका अडकली होती. प्रूफमध्ये नवरदेवाच्या मोठ्या मामांचं नाव राहून गेलं होतं. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना सांगायला नको. सकाळपासून तीन फोन आले होते.

पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. आमच्या पुढच्या खोलीत या दिवसांत कापूस असतो. सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची शेतातली पूजा, होऊन पहिला वेचा घरात आला की गंजी तिथेच लागते आणि कॉम्प्युटर तिच्या शेजारी. कॅबिनेटच्या जाळीवर बोटभर जाडीची वाकळ जमली होती. ती काढली, ब्रश मारला. फरक नाही. मग मदरबोर्डातून एसएमपीएसचा २४ पिनचा मोठा कनेक्टर काढला. त्यात हिरवी वायर एकच असते. ती कुठल्याही काळ्या वायरला जोडली की एसएमपीएसला वाटतं बोर्डाने चालू हो म्हटलं. लोक यासाठी कागदाची क्लिप वापरतात. माझ्याकडे केसांचा आकडा होता. घातला, पंखा ढिम्म. मी हात कपाळाला लावणार तेवढ्यात लक्षात आलं, आकड्यावर काळा रंग असतो! प्लग काढून ब्लेडने दोन्ही टोकं खरवडली, आतलं पांढरं लोखंड दिसेपर्यंत, आणि परत घातला. पंखा फिरला. मोटारपंपासाठी घेतलेल्या मल्टीमीटरने मोजलं: पिवळ्या वायरवर १२.०८, लालवर ५.०३, नारिंगीवर ३.३. बारा व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. आकडे उत्तम. पण ही चाचणी बिनओझ्याची असते, बैलाला रिकामी गाडी ओढायला लावल्यासारखी. तेवढ्यावर एसएमपीएस निर्दोष सुटत नाही.

रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी दातांवर पोराचं खोडरबर फिरवलं. एकेक पट्टी लावून पाहिली. प्रोसेसरची आठ पिनची वायर काढून परत खटकन बसवली. काही नाही.

हे म्हणाले, "अवं, दुकानात दाखव ना एकदा." मोटरसायकलवर मागे बसून, कॅबिनेट पोटाशी धरून तालुक्याला गेले. दुकानदाराने प्लग लावला, बटणाला बोट लावलं आणि विंडोज सुरू! दहा मिनिटं चालू ठेवला. मेला बंदच पडेना. "वहिनी, याच्यात काही नाई. तुमच्या घरची लाईट खराब हाय. अन् सोता जोडलं की असंच होते." कॅबिनेट उघडून पाहायचीसुद्धा तसदी न घेता दोनशे रुपये घेतले.

घरी आणला. लावला. घर्रर्र आणि बंद.

आता दुकानात चालतो, घरात नाही, म्हणजे दोष घराचाच, हे मलाही पटलं. त्यात माझा पूर्ण एक दिवस गेला. सॉकेटवर दुपारी २३१ व्होल्ट, संध्याकाळी २०५. कमी, पण एसएमपीएसला चालण्यासारखं. मग अर्थिंग. गेल्या मे महिन्यात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि टेस्टर लावला की मंद पेटायचा. तो करंट एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांतून बॉडीवर उतरतो. अर्थिंग धड असेल तर जमिनीत जातो, नसेल तर आपल्या बोटांतून वाट काढतो. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीला धरून राहत नाही, म्हणून मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. या वेळी झिणझिण्या नव्हत्या, तरी मी दोन बादल्या ओतल्या. आई (सासूबाई) ओसरीवरून पाहत होत्या. "कॉम्प्युटर घरात, अन् पाणी कायले अंगणात टाकून रायली वं?"

उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

रात्री कुकर लावला होता. शिट्ट्या मोजायची सवय अशी की मोजणं आपोआप चालू राहतं. कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि मी मनात मोजत गेले. एक, दोन, तीन, चार, खट्. प्लग काढला, हलवलं, लावलं, दाबलं. एक, दोन, तीन, चार, खट्. पुन्हा तेच. दर वेळी चार.

बिघडलेली वस्तू इतकी वक्तशीर नसते. कुठे शॉर्ट असेल तर पंखा फिरण्याआधीच उडेल. प्रोसेसर तापत असेल तर कधी दहा सेकंद, कधी मिनिट. मग चार सेकंद नेमके कोण मोजतं? मोजतो बोर्डच. विंडोज अडकलं की आपण बटण दाबून धरतो, तेव्हा चार सेकंदांनी तो सगळं बंद करतो. म्हणजे या घरात कोणीतरी बटण दाबून धरत होतं, आणि ते मी नव्हते.

भाजी करपू दिली. कॅबिनेट आडवं केलं, बोर्डाच्या कोपऱ्यात पुढच्या बटणाची दोन पिनांची बारीक वायर येते ती उपटून काढली. त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. बटण म्हणजे तरी काय, तेवढंच करतं. पंखे फिरले. चार झाले, पाच झाले, मॉनिटरवर बोर्डाचं चिन्ह आलं, मग विंडोज, मग मामांचं नाव नसलेली पत्रिका.

कॅबिनेटचा पुढचा प्लास्टिकचा मुखवटा खालून धरून ओढला की निघतो. बटणाभोवतीच्या फटीत वाळलेलं कुंकू बसलं होतं, आणि एका बाजूला, हळदीने पिवळा झालेला, तांदळाचा एक दाणा पाचरीसारखा. बटण आत गेलं की दाणा त्याला परत येऊ देत नव्हता. तालुक्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी तो सरकला असणार, आणि घरी मी अंगठ्याने जोरात दाबून परत बसवला.

दसऱ्याला आमच्याकडे विळे, डवरा, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, मोटरसायकल, सगळ्यांची पूजा आई करतात. मी दाणा तळहातावर घेऊन दाखवला.

"आई, हे बटणावर लावलं होतं का?"

"मंग कुठं लावू? जिथून चालू होते, तिथंच लावा लागते ना."

यावर वाद घालता येत नाही. शिलाई मशीनच्या चाकाला कुंकू, मोटरसायकलच्या हँडलला हार, मग कॉम्प्युटरचं बटण का सोडायचं? चुकलंच असेल तर माझं. एसएमपीएस, रॅम, अर्थिंग, घरची लाईट, पैशांच्या उतरत्या क्रमाने सगळ्यांवर संशय घेतला आणि बटणाचं नावही डोक्यात आलं नाही.

कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, तरी बटण अजून जरा चिकटतं. म्हणून रिसेटच्या बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावली. आत दोन्ही बटणं एकसारखीच असतात, बोर्डाला फरक कळत नाही. आता कॉम्प्युटर रिसेटवर चालू होतो आणि पोराला ते सांगून ठेवलंय.

दाणा मी टेबलावर ठेवला होता. आईंनी तो उचलला, कपाळाला लावला आणि बाहेर तुळशीत टाकून आल्या. मग विचारलं, "त्या मामाचं नाव टाकलं का वं? चौथ्यांदा फोन आला त्याचा."