मास्टर तयार, सीडी बाकी : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा छपाईचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि कॅसेटचा जमाना होता तोवर कॅसेटची इनले कार्डं, म्हणजे डबीत घालायची छापील कार्डं. पुण्यात गाणारे, शिकवणारे आणि चाली लावणारे गल्लोगल्ली, त्यामुळे पदरमोड करून कॅसेट काढणारी मंडळी आमच्याकडे येतच असत. सीडी आल्यावर हीच मंडळी स्टुडिओतली डिस्क हातात घेऊन विचारू लागली, "आता पुढे काय?" कंपनीच्या सीडीमागे कंपनीची माणसं धावतात. स्वतः सीडी काढणाऱ्या गायिकेमागे फार तर तिचा नवरा आणि त्याची स्कूटर. मी आणि बायकोने ते 'पुढचं' काम अंगावर घेतलं.

स्टुडिओतून मास्टर म्हणून येते ती कॉम्प्युटरवर लिहिलेली डिस्क. तिच्या प्रती घरीही काढता येतात, पण दुकानदार डिस्क उलटी करून बघतो. खालची बाजू हिरवट-निळसर दिसली की "घरगुती आहे" म्हणून परत. कारखान्यात काचेच्या मास्टरवरून धातूचा साचा बनतो, त्यावर पॉलिकार्बोनेटच्या चकत्या दाबून निघतात, वर अ‍ॅल्युमिनियमचा थर चढतो. एवढा खटाटोप थोड्या प्रतींसाठी कोण करणार? हजाराच्या आतली ऑर्डर म्हटली की कारखाना नाक मुरडायचा. म्हणून आमचा पहिला प्रश्न ठरलेला : हजार सीड्या ठेवणार कुठे?

शास्त्रीयवाल्यांशी वाद व्हायचा तो वेळेवरून. सीडीचं मूळ माप ७४ मिनिटांचं, काही कारखाने ७९ पर्यंत ताणून घेतात. बुवांना विलंबित, द्रुत, तराणा आणि वर भैरवीही हवी. विलंबित आणि द्रुतला ट्रॅक वेगळे द्यायचे, पण मध्ये शांतता येऊ द्यायची नाही. सॉफ्टवेअर आपणहून दोन सेकंद मोकळे सोडतं आणि नेमकी सम त्यात बुडते. कारखान्याकडे पाठवण्याआधी ती जागा मी हेडफोन लावून स्वतः ऐकतो.

सुगमवाल्यांचा तिढा वेगळाच. 'गाजलेली जुनी गाणी माझ्या आवाजात' ही कल्पना दर दुसऱ्या माणसाला सुचते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्या आधारे कव्हर व्हर्जन काढायचं तर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं उलटलेली हवीत आणि दर गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायला हवी. भाषेनुसार हा आकडा खाली आणण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण हजार प्रती काढणाऱ्याला मुळात ५०,००० चा हिशेब लावणंच मला पटत नाही. मग एक तर मूळ हक्कधारकांशी थेट बोलायचं, नाही तर नवी गाणी करायची. आम्ही नव्याच गाण्यांचा आग्रह धरतो. अभंग लोकांना सोपे वाटतात. तुकोबांच्या शब्दांवर कुणाची मालकी नाही हे खरं, पण ज्या चालीत तुम्ही गाताय ती कुणाची तरी असते. कवीला जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर वारसांची परवानगी, तीही लेखी. "ते आमच्या घरचेच आहेत हो" यावर आम्ही काम सुरू करत नाही.

सीडीच्या डबीतल्या मागच्या कार्डाचा मजकूर बायको बघते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ प्रमाणे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष डिस्कवरही लागतं आणि वेष्टनावरही. शिवाय सर्व करांसहित किंमत. प्रत्येक गाण्याचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, मास्टरमध्येच घालून घ्यायचा. मॉलमधल्या दुकानांना ८९० ने सुरू होणारा बारकोड लागायचा, त्याशिवाय त्यांचं बिलच फाटत नसे. लक्ष्मी रोडवरच्या काकांना त्याचं काही नव्हतं, त्यांचा हिशेब वहीत.

पण सगळ्यात जास्त डोकं लागतं ते स्पाइनवर, म्हणजे डबीच्या कडेवर. गायकाचा जीव मुखपृष्ठावर. फोटो, तानपुरा, मागे मावळता सूर्य. दुकानात सीडी खणात उभी राहते आणि गिऱ्हाइकाला दिसते फक्त तिची कड, जेमतेम सहा-साडेसहा मिलिमीटरची. मागचं कार्ड १५१ मिलिमीटर रुंद छापून दोन्ही बाजूंना दुमडायचं, म्हणजे त्या दोन कडा तयार होतात. दुमड अर्धा मिलिमीटर सरकली की नाव कोपऱ्यावरून वळतं. तिथे सुलेखन चालत नाही. ठसठशीत, जाड, सरळ अक्षर हवं. एका गायिकाबाईंनी नाजूक चंदेरी अक्षरांचा हट्ट धरला होता. मी त्यांना नमुना घेऊन दुकानात नेलं, खणात ठेवला आणि म्हटलं, "ताई, आता शोधा." दुकानदाराने वर विचारलं, "हे भावगीतात लावू की भक्तिगीतात?" दुसऱ्या दिवशी ताईंनी जाड काळी अक्षरं मंजूर केली, आणि 'भावगीते' हा शब्दही कडेवर आला.

दुकानदार माल ठेवायचे तो विक्री झाली तर पैसे या बोलीवर, आणि छापील किमतीतला तिसरा हिस्सा तरी त्यांचा. एका दुकानाकडून आमची उधारी अजून यायची आहे. दुकानच राहिलेलं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीड्यांचं दुकान बंद झालं, तेव्हा आम्ही नव्या ऑर्डरीतला दुकानांचा वाटा निम्म्यावर आणला. आता सीडी विकली जाते ती कार्यक्रमाच्या दारातल्या टेबलावर, मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत. तिथे कडेपेक्षा मुखपृष्ठ महत्त्वाचं, म्हणून मावळता सूर्य परत आलाय! पुष्कळ घरांत सीडी वाजवायला यंत्रच नाही, त्यामुळे आतल्या पुस्तिकेत क्यूआर कोड छापतो. गाणी ऑनलाइन चढवताना आयएसआरसी तेच वापरायचे, नवे घ्यायचे नाहीत.

सध्या दिवाळी पहाटेची कामं घेतोय. ज्यांना पाडव्याला टेबलावर सीडी हवी आहे, त्यांनी मास्टर आणि परवानग्यांची पत्रं गणपतीआधी आणून द्यावीत. फोटो नंतर दिला तरी चालेल.